दाट रक्त

१९ ऑक्टोबर २०२४

झालं एकदाचं. सुई कुल्ल्यावर गेली. पुरुषी हार्मोनचं औषध तेलकट असतं म्हणून सिस्टरने ते सावकाश सोडलं, कापूस दाबून धरायला सांगितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. एवढ्यासाठी मी सव्वीस वर्षांचा होईपर्यंत थांबलो होतो. बाहेर आलो तेव्हा धुळ्याचा रस्ता सकाळी होता तसाच होता, रिक्षावाला तसाच भांडत होता, आणि मला उगाच वाटत होतं की सगळ्यांनी माझ्याकडे बघावं.

डॉक्टर मॅडम नाशिकहून महिन्यातून दोनदा इथे येतात. आज त्यांनी सगळं परत एकदा समजावलं. आधी तोंडावर पुटकुळ्या येतील आणि भूक वाढेल. पाळी काही महिन्यांत थांबेल. आवाज तीनेक महिन्यांनी फुटायला लागेल आणि वर्षभर कुठेही घसरेल. दाढी सगळ्यात उशिरा, तिला वर्षं लागतात, आणि घराण्यात टक्कल असेल तर तेही पदरात पडेल. उंची वाढणार नाही. छाती औषधाने जात नाही, ती ऑपरेशनची गोष्ट. आवाज आणि दाढी एकदा आली की औषध सोडलं तरी परत जात नाही, पाळी मात्र परत येऊ शकते. पुढे कधी पोटचं मूल हवंसं वाटलं तर काय, याचा विचार आधी करून ठेव, म्हणाल्या. मी केला आहे. 

आणि रक्त दाट होतं. म्हणून दर तीन महिन्यांनी तपासायचं, पाणी भरपूर प्यायचं. पाणी भरपूर प्या हे तर डॉक्टर सर्दीलाही सांगतात.

अंगात काय काय बदलतंय ते लिहून ठेव, आठवणीवर भरवसा ठेवू नको, असंही म्हणाल्या. म्हणून हे लिहिणं.

संध्याकाळी मायचा गावाहून फोन. सोनगीरजवळ आमचं गाव, वडील गेल्यापासून ती एकटीच असते. एवढंच विचारलं, "दुखनं का?" नाही म्हणालो. 

३ नोव्हेंबर

काहीच बदल नाही. आरशात बघून बघून डोळे दुखले.

कामाचं लिहितो. मी राहतो मेहरूणला, धुळ्याला फक्त इंजेक्शनसाठी एसटीने जातो. प्रेमराजशेठच्या दुकानात ठिबक सिंचनाचं सामान मिळतं आणि आम्ही फिटर लोक ते शेतात बसवून देतो. नोकरीला लागताना शेठना कागद दाखवावे लागले, कारण जुन्या मार्कशीटवर जुनं नाव आहे. त्यांनी दोनदा वाचले, चष्मा पुसला आणि विचारलं, ठिबकचं काम येतं ना? येतं म्हणालो. बाकी कोणाला माहीत नाही. सगळ्यांसाठी मी नवल, मिसरूड न फुटलेलं किडकिडीत पोरगं.

माझी जोडी वनानानांबरोबर. साठीला आलेले, पारोळ्याकडचे, दुकानातले सगळ्यात जुने फिटर. सकाळी मेहरूणला माझ्या खोलीच्या कोपऱ्यावर मोटारसायकल घेऊन येतात, हॉर्न वाजवत नाहीत, नुसते थांबतात. बोलणं इतकं कमी की कधी कधी वाटतं, मागे मी नसून पाइपचं बंडल बांधलंय.

शेतावर एकच अडचण, ती जुनीच. बाकीचे बांधाकडे तोंड करून उभे राहिले की मोकळे. मला ते कसं जमणार? बायका तुरीत जातात, तिकडे मी दिसलो तर मार खाईन. म्हणून सकाळी घोटभर चहा, त्यानंतर घरी येईपर्यंत काही नाही. आयटीआयपासून हीच सवय आहे, निभतं. रात्री खोलीवर आलो की तांब्याच तोंडाला लावतो.

२१ डिसेंबर

पाळी आली नाही. कोणाला सांगू? सांगण्यासारखं कोणी नाही, म्हणून इथे लिहितो. आली नाही. आली नाही.

कपाळ आणि पाठ पुटकुळ्यांनी भरली आहे. घरमालकीण साबेराखालांनी हळद लावायला दिली आणि म्हणाल्या, जवानी देर से आई तेरी. त्या सहज म्हणाल्या, मी दिवसभर खूश.

१८ जानेवारी २०२५

आवाज फुटला. बोलायला जातो एका पट्टीत, निघतो भलत्याच. सकाळी साबेराखालांना दूध आलंय म्हणून सांगायला गेलो तर नुसतं घरघरलं. "गला बैठ गया क्या बेटा? अद्रक का पानी ले," म्हणाल्या आणि करूनही दिलं.

मायचा फोन हल्ली रोज येतो. पूर्वी आठवड्यातून एकदा असायचा. बोलायला काही नसतं तिच्याकडे. जेवनी का, काय भाजी केली, तिकडे थंडी आहे का. आणि प्रत्येक गोष्ट मला दोनदा सांगायला लावते. "काय सांगं? आखो सांग." मेथीची भाजी, हे मी आज तीन वेळा सांगितलं. ऐकायला कमी येतंय तिला. तालुक्याला नेऊन कान दाखवले पाहिजेत, पण नेणार कोण? गावात माझं हे रूप कोणी पाहिलेलं नाही.

९ फेब्रुवारी

मुक्ताईनगरच्या पुढे एका केळीच्या बागेत काम होतं. मालकाचं म्हणणं, पाणी एक दिवसाआड सोडलं तरी चालतं, आमच्या बापानेही तसंच केलं. मी त्याला सगळं समजावलं. केळीला उन्हाळ्यात रोज लागतं, झाडामागे वीस-बावीस लिटर. झाड मान टाकेल तेव्हा बघू असं म्हणू नका, मान टाकली म्हणजे उशीर झालेला असतो, वरून हिरवं दिसतं पण आतून सुकलेलं असतं. चांगलं बोलत होतो, आणि नेमकं "सुकलेलं" या शब्दाला आवाज चिरकला. मजूर हसले. माझे कान तापले.

वनानाना फिल्टरचं झाकण आवळत होते. मान वर न करता म्हणाले, "काही पोऱ्यास्ना गळा उशिरा फुटस. मना बी उशिरा फुटना व्हता."

विषय संपला. भोळा माणूस. त्यांना काहीही सांगितलं तरी पटतं.

१६ मार्च

हनुवटीखाली केस. मोजण्याइतके, पण आहेत. खांद्यावर पाइपचं बंडल पूर्वीसारखं रुतत नाही. राग मात्र भसकन येतो, काल दुकानातल्या हिशेबनिसावर ओरडलो, चूक माझीच होती. मॅडम म्हणाल्या, हे होतं, पण औषधावर ढकलू नको, माफी माग. मागितली.

रक्त थोडं दाट झालंय म्हणाल्या. अजून काळजीसारखं नाही, लक्ष ठेवू. मी लक्षही दिलं नाही. मी त्यांच्या खोलीत माझाच आवाज ऐकत होतो.

११ एप्रिल

ऊन असं की पाइपला हात लावला तर चटका बसतो. डोकं दुखतं. चेहरा लाल होतो आणि कानात ठोके ऐकू येतात. औषधाने चेहरा लालसर होतो हे वाचलं होतं, तेच असणार. छातीला बांधायची घट्ट बंडी घामाने चिकटून काढताना सालपट निघतं. पण ती काढून शर्टात फिरायची हिंमत नाही. काम झालं की ओठ पांढरे झालेले असतात. सगळ्यांचेच होतात, खानदेशातला एप्रिल आहे.

नाना पाण्याची बाटली पुढे करतात, मी नको म्हणतो. आज त्यांनी पाच-सहा वेळा केली. चिकटपणाची हद्द आहे.

२६ एप्रिल

इंजेक्शन बंद.



मॅडमनी रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण चोपन्नच्या वर गेलं तर आम्ही थांबतो, म्हणाल्या. माझं सत्तावन्न. एवढं दाट रक्त कुठेही गुठळी धरू शकतं, पायात, फुप्फुसात, डोक्यात. त्यांनी सिगारेट विचारली, नाही. झोपेत घोरतोस का, एकटा झोपतो, माहीत नाही. पाणी किती पितोस? भरपूर, म्हणालो. लघवीला त्रास? नाही, नेहमीसारखं आहे. त्यात खोटं काहीच नव्हतं, माझं नेहमीचं हेच आहे. आणि खरं सांगायचं तर दिवसभर जाता येत नाही हे त्यांच्यापुढे उच्चारायची लाज वाटली. त्याचा रक्ताशी काय संबंध?

"सात आठवडे काही घ्यायचं नाही. मग तपासू. नाही उतरलं तर मला वेगळा विचार करावा लागेल, नवल."

वेगळा म्हणजे काय, असं विचारलं. त्यांनी उत्तर टाळलं नाही. काही जणांना हे औषध मानवत नाही, म्हणाल्या.

एसटीत खिडकीशी बसून आलो. निघताना शेजारी सोनगीरची गाडी लागलेली दिसली तेव्हा वाटलं उतरावं आणि मायकडे जावं. उतरलो नाही.

३० एप्रिल

आज आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. मायने परवाच विचारलं होतं, येतोस का. जाऊ तर कोणत्या नात्याने जाऊ? नाही म्हणालो. तिने इकडे येणाऱ्या गाडीवर कंडक्टरकडे सांजोऱ्यांचा डबा दिला. डबा कडेपर्यंत भरलेला. एवढ्या कोणासाठी केल्या असतील? मी दोन खाल्ल्या, बाकीच्या साबेराखालांना दिल्या.

फोनवर तिला बंद केल्याचं सांगितलं. मला वाटलं तिला बरं वाटेल. ती म्हणाली, "मंग आते आवाज जाई का तुना?" नाही जात, म्हणालो. तिने मोठा श्वास सोडला. सुटकेचा की दुःखाचा, फोनवर कळत नाही.

९ मे

डाग लागला.

मॅडमनी सांगितलं होतं, येऊ शकते. सांगितलेलं असलं म्हणून काय झालं? न्हाणीघरात दाराला टेकून उभा राहिलो. सगळं मागे जाणार. एकेक करून परत नेणार आणि शेवटी मला त्या जुन्या फोटोत नेऊन बसवणार. आवाज राहतो म्हणतात, पण मला आता कशावरच विश्वास वाटत नाही.

मेहरूणच्या जिममध्ये शाहबाज नावाचा एक जण आहे. त्याच्याकडे हेच औषध मिळतं, हे सगळ्यांना माहीत आहे. गेलो. त्याने काही विचारलं नाही, कागदात गुंडाळून कुपी दिली. कपाटात कपड्यांखाली ठेवली आहे. टोचायचं कसं ते मोबाइलवर बघितलं.

भीती वाटते का? वाटते. पण मरणाची नाही. परत जायची.

१७ मे

काल काय झालं ते आज लिहितो.

मुक्ताईनगरचीच बाग. केळीच्या ओळीतून नळ्या ओढत होतो. भरदुपारी पानांच्या कडा जळाल्यासारख्या दिसत होत्या आणि मग पानंच दिसेनाशी झाली. कानात मोटार चालल्यासारखा आवाज. पुढचं आठवतं ते पंपघराच्या सावलीतलं. मी उताणा, आणि चार-पाच मजूर वाकून बघत होते. एक जण माझ्या शर्टाची बटणं काढायला हात घालत होता.

माझ्या अंगात ओरडायचीही ताकद नव्हती.

"बाजूले व्हा बठ्ठा," वनानाना म्हणाले. एवढा मोठा आवाज त्यांच्याकडे आहे हे मला माहीत नव्हतं. "मना पुतन्या शे. मी देखस. पाठ फिरावा, वारा येऊ द्या त्याले."

सगळे लांब गेले. नानांनी खांद्यावरचं उपरणं माझ्यावर पसरलं, त्याच्या खालून हात घालून शर्ट सोडला आणि बंडीचे हूक एकेक करून काढले. तोंड पूर्ण वेळ दुसरीकडे, पंपाच्या मीटरकडे. छाती मोकळी झाली तसा श्वास आत गेला. मग मिठाचं पाणी, चमचा चमचा.

जरा बरं वाटल्यावर मी घाईघाईने सांगितलं, बरगडीला जुना मार आहे, त्याचा पट्टा आहे तो. नानांनी पेल्यात अजून थोडं मीठ ढवळलं. म्हणाले, "मंग उन्हायामा ढिला बांधत जाय."

पटलं त्यांना. देवाची कृपा.

कुपी आज टोचणार होतो. टोचली नाही. आज अंगात त्राण नाही, रविवारी बघू.

२२ मे

आता हे एक नवीनच. वनानानांना शुगर निघाली. सकाळी मोटारसायकलवर बसायच्या आधीच सांगून टाकलं, "माले शुगर निंघनी. घडीघडी जानं पडस." वाईट वाटलं मला. या वयात, एवढ्या उन्हात.

पण त्याचा त्रास मला. वाटेत दिसेल त्या पेट्रोल पंपावर गाडी थांबते. शेतावर पोचलो की हत्यारांची पिशवी उघडायच्या आधी मालकाला पहिला प्रश्न, संडास कुठे आहे, दार आहे का, कडी लागते का. डॉक्टरने म्हणे त्यांना सांगितलंय, उभ्याने जायचं नाही, दार लावून बसूनच जायचं. असं सांगणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच ऐकला. आणि स्वतः जायच्या आधी मला पाठवतात. "तू पहिले जा. देख पानी शे का, इच्चू-काटा शे का." मी काय त्यांचा गडी आहे? पण वयाने मोठे, नाही कसं म्हणणार? आणि गेलोच आहे तर मीही उरकून येतो.

२८ मे

चिडचिड होते आहे. शुगरवाल्याला पाणी लागतं म्हणून नानांनी वीस लिटरचा जार गाडीला बांधलाय. तासातासाला थांबायचं. बरं, स्वतः प्यावं की नाही? "एकला पानी पेवाले माले गोड लागत नही. तू बी पे." समोर धरून बसतात, पेला रिकामा झाल्याशिवाय पाना हातात घेत नाहीत. पिल्याशिवाय काम पुढे जात नाही, म्हणून पितो. आणि पितो त्याची चिंताही राहिली नाही, कारण पुढच्या थांब्यावर नाना कुठलं ना कुठलं दार शोधतातच.

दुकानातल्या पोरांनी त्यांचं नाव "लिकेज" ठेवलंय. एका शेतकऱ्याने आज तोंडावर म्हटलं, "नानास्ना व्हॉल्व्ह गया वाटस." सगळे खो खो हसले. मला राग आला. चाळीस वर्षं काम केलेला माणूस. नानांनी मात्र मान हलवली आणि म्हणाले, वय झालं भो. मीही शेवटी थोडा हसलो, याची आता लाज वाटते.

कुपी अजून कपाटात. रविवारी हातात घेतली होती. त्या दिवशी पंपघरात डोळ्यांपुढे आलेला अंधार आठवला आणि परत ठेवली. पण फेकलीही नाही.

७ जून

डोकेदुखी गेली आहे. कानातले ठोके नाहीत. औषध बंद झाल्याचा परिणाम असणार. म्हणजे मॅडमचंच खरं, मला हे मानवतच नव्हतं. बरं वाटतंय आणि म्हणूनच वाईट वाटतंय.

बंडी दोन हूक ढिली बांधतो. उगाच, नानांनी सांगितलं म्हणून.

१४ जून

मॅडमनी रिपोर्ट दोनदा पाहिला. शेहेचाळीस.

मी म्हणालो, बंद केल्यामुळे उतरलं ना? त्या म्हणाल्या, थोडं उतरलं असतं. पण तांबड्या पेशी तीन-चार महिने जगतात, सात आठवड्यांत एवढं खाली येत नाही. मधल्या काळात तू काय वेगळं केलंस?

काही नाही, म्हणालो. जेवण तेच, काम तेच. मग आठवलं तसं सांगितलं, हल्ली पाणी जास्त पितो, म्हणजे प्यावं लागतं.

"आधी किती प्यायचास? खरं सांग."

सांगितलं. सकाळचा चहा आणि रात्रीचा तांब्या. मधे काही नाही. का नाही, तेही सांगितलं. बांध, तूर, सगळं. बोलताना मान वर झाली नाही. मॅडमनी पेन खाली ठेवलं. रक्त दाट दिसत होतं कारण अंगात पाणीच नव्हतं, म्हणाल्या, औषधाने थोडं चढवलं आणि बाकीचं तुझ्या तहानेनं. मग आधीच्या भेटीचा कागद उलटून काढला.

"मी किती पितोस हे विचारलं. कुठे जातोस हे विचारायला हवं होतं."

इंजेक्शन पुन्हा सुरू. डोस थोडा कमी, रक्त सहा आठवड्यांनी. शाहबाजची कुपी मी बरोबर नेली होती, का नेली होती ते मलाच माहीत नाही. टेबलावर ठेवली. मॅडम रागावल्या नाहीत. त्या दाट रक्तात हे गेलं असतं तर, एवढंच म्हणाल्या आणि वाक्य सोडून दिलं. सिस्टरने कुपी नेली.

आज माय धुळ्याला आली होती. न सांगता, तपासणीची तारीख फोनवर ऐकली होती तेवढ्यावर. स्टँडवर गर्दीत पाठमोरी बसलेली दिसली. ऑक्टोबरपासून तिने मला पाहिलेलं नाही, म्हटलं दचकायला नको, म्हणून मागूनच हळू हाक मारली, माय. एसटीचे हॉर्न, फेरीवाले, एवढा गलका. तिने वळूनही पाहिलं नाही आणि म्हणाली, "जेवना का?"

म्हणजे कान चांगले आहेत. फोनच खराब असणार तिचा. नवीन घेऊन दिला पाहिजे.

नंतर वळली आणि बराच वेळ माझ्या हनुवटीकडे बघत राहिली. गावाला कधी येतोस, असं दोनदा विचारलं. दिवसा ये, म्हणाली.

२२ जून

एसटीत बसल्यापासून आठवडाभर डोक्यात एकच घोळत होतं. नानांना शुगर झाली नसती तर मी आज कुठे असतो? त्यांच्या आजाराने मला वाचवलं. त्यांना हे कधी कळणार नाही, पण आपण तरी काहीतरी करावं. आज सुट्टी होती. शुगरला जांभूळ चांगलं म्हणतात, बाजारातून चांगली टपोरी जांभळं घेतली, वर जांभळाच्या बियांची पावडर घेतली आणि पिंप्राळ्याला त्यांच्या घरी गेलो. पहिल्यांदाच.

नाना खाटेवर बसले होते. धुरपदाबाई, त्यांची बायको, मोठ्या हसऱ्या. मला बघून म्हणाल्या, हाच का नवल, रोज नाव ऐकते. चहा टाकला. मी पावडरची पुडी पुढे केली आणि सांगितलं, सकाळी उपाशीपोटी घ्यायची, शुगर उतरते.

"कोनी शुगर?"

मी नानांकडे बोट केलं.

बाईंना हसू आवरेना. "यास्ले? यास्ले कसानी शुगर? सकायमा दोन कप गोड चहा पेतस, वरथून गूळना खडा खातस. मागना महिनामा दुकानवाल्यास्नी बठ्ठा म्हातारास्नं रक्त तपासं, यास्नं एकदम चोख निंघनं."

नाना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. जसे त्या दिवशी पंपाच्या मीटरकडे बघत होते.

 कप खाली ठेवला. महिनाभराचं सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं, पेट्रोल पंप, कडी लागते का, तू पहिले जा, लिकेज, व्हॉल्व्ह, आणि हसणारा मी. आणि बरगडीचा पट्टा. किती हुशारीने सांगितलं होतं मी.

धुरपदाबाई आत गेल्या तेव्हा विचारलं, नाना, तुम्हाला कधीपासून माहीत आहे?

नानांनी एक जांभूळ उचललं, पुसलं.

"तू पानी पेस ना आते?"

हो म्हणालो.

"मंग जाऊ दे."

२३ जून

वरणगावच्या बाजूला काम. नवीन शेतकरी, चार-पाच मजूर, त्याचे दोन भाऊ. गाडी लावली. नाना हेल्मेट काढून रोजच्यासारखे मालकाकडे निघाले, चेहऱ्यावर तो आजारी माणसाचा भाव आणलेला. मी त्यांच्या पुढे झालो.

 आवाज कापला नाही.

"भाऊ, संडास कुठे आहे? दाराचा लागेल. मला लागतो, नानांना काही झालेलं नाही."

शेतकऱ्याने माझ्याकडे पाहिलं. एक भाऊ काहीतरी बोलायला गेला आणि थांबला. मालकाने गोठ्यामागे बोट दाखवलं, म्हणाला, बादली भरलेली आहे, कडी जरा वर उचलून लावा. आणि बैलांना पेंड टाकायला निघून गेला. एवढंच.

परत आलो तेव्हा नाना कुठे दिसेनात. मग दिसले. लांब बांधाच्या टोकाला, निंबाच्या बुंध्याकडे तोंड करून, सगळ्या पुरुषांसारखे उभे होते. घाई नव्हती त्यांना. महिनाभर हा माणूस माझ्यासाठी दाराआड बसत होता.

मी तिकडे पाठ केली आणि ते येईपर्यंत दोन पेले भरून ठेवले.